रोषणाई आयोजक करतील, व्हिसाचे तेवढे आपण बघा

प्रति,
मा. क्रीडामंत्री

विषय : आंतरराष्ट्रीय ई-स्पोर्ट्स स्पर्धेचे यजमानपद आणि सरकारकडून लागणारी कामे

महोदय,
सविनय नमस्कार.

डोटा २ किंवा लीग ऑफ लीजेंड्ससारख्या संगणकावर खेळायच्या पाच विरुद्ध पाच खेळाची जागतिक स्पर्धा आणायची म्हटले, की बैठकीत तीनच गोष्टी निघतात. स्टेडियम कोणते, बक्षीस किती आणि उद्घाटनाला कोण. पहिल्या दोन आयोजक निस्तरतात, तिसरीवाचून काही अडत नाही. खरे घोडे अडते ते व्हिसाच्या खिडकीवर, कस्टम्सच्या गोदामात आणि रस्त्याखालच्या केबलवर. या तिन्ही ठिकाणी चालते ते सरकारचे. आम्ही अशा स्पर्धांच्या पंचगिरीची, नेटवर्कची आणि प्रक्षेपणाची बाजू जाणणारी माणसे आहोत, म्हणून थेट कामाचेच लिहितो.

आधी व्हिसा. ‘द इंटरनॅशनल’ या डोटा २ च्या जागतिक स्पर्धेचे दहावे पर्व स्टॉकहोमला ठरले होते. कोरोनामुळे ते २०२० वरून २०२१ वर गेले. जून २०२१ मध्ये स्वीडनच्या क्रीडा महासंघाने ई-स्पोर्ट्सला सामावून घ्यायला मतदानाने नकार दिला, सरकारनेही या स्पर्धेला उच्चस्तरीय क्रीडास्पर्धेचा दर्जा दिला नाही. त्या दर्जावाचून युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूंना आणि कर्मचाऱ्यांना येणे अवघड झाले आणि स्पर्धा उचलून बुखारेस्टला नेली गेली. बक्षिसाची एकूण रक्कम होती ४ कोटी डॉलरच्या वर. पैसा तयार, तारखा ठरलेल्या, आणि यजमानपद गेले ते ‘खेळ म्हणजे काय’ या एका व्याख्येपायी.

अमेरिकेने लीग ऑफ लीजेंड्सच्या व्यावसायिक खेळाडूंना क्रीडापटूंचा पी-१ व्हिसा २०१३ पासूनच द्यायला घेतला होता. हांगझोऊच्या आशियाई खेळांत, म्हणजे २०२३ मध्ये झालेल्या २०२२ च्या पर्वात, या दोन्ही खेळांना अधिकृत पदके होती. तेव्हा हा खेळ आहे की नाही, यावर नवी समिती नेमू नये ही विनंती. नियमावलीत एक ओळ घातली तरी भागेल.

व्हिसाचे गणित असे आहे. पात्रता फेऱ्या साधारण मुख्य स्पर्धेच्या दीड-दोन महिने आधी संपतात, तोवर कोण येणार ते आयोजकालाही ठाऊक नसते. एका संघामागे पाच खेळाडू, प्रशिक्षक, व्यवस्थापक आणि एखादा विश्लेषक धरला, तर १६ संघांची सव्वाशेच्या आसपास माणसे होतात. समालोचक, पंच आणि पडद्यावरचा कॅमेरा फिरवणारे ऑब्झर्व्हर वेगळेच. खिडकीपुढे उभा राहणारा अर्जदार एकोणीस-वीस वर्षांचा असतो. पगाराची पावती नाही, नावावर घर नाही, लग्न नाही. ‘हा परत जाणार नाही’ अशी शंका यायला लागते ती सगळी लक्षणे त्याच्यात सापडतात. त्यातून मागच्या स्पर्धेसाठी दिलेला पासपोर्ट दुसऱ्याच दूतावासात अडकलेला असतो.

यावर उपाय महागडा नाही. आयोजकाने नावनिशीवार यादी द्यावी, खात्याने स्पर्धेला एक संदर्भ क्रमांक द्यावा आणि तो सगळ्या दूतावासांना आधीच कळवावा. एकच नोडल अधिकारी असावा, आणि ऐनवेळी बदललेला खेळाडू यादीत घालण्याचा अधिकार त्याच्याकडे असावा. व्हिसा किमान ४५ दिवसांचा आणि एकापेक्षा अधिक प्रवेशांचा हवा, कारण संघ दोन-तीन आठवडे आधी येऊन बूटकॅम्प, म्हणजे सरावशिबिर लावतात. झोपेचे घड्याळ जुळवायला आणि इथल्या सर्व्हरवर सराव करायला तेवढे दिवस लागतातच.

एका खेळाडूला व्हिसा नाकारला तर स्टँड-इन, म्हणजे बदली खेळाडू घेऊन खेळता येते, असे कोणी आपल्याला सांगेल. खेळता येते, पण तो संघ मग तोच राहत नाही. सामन्याआधी ड्राफ्ट होतो. दोन्ही कर्णधार आळीपाळीने हिरो, म्हणजे खेळातली पात्रे निवडतात आणि समोरच्याचे हिरो बाद करतात. डोटा २ मध्ये सव्वाशेच्या आसपास हिरो आहेत, पण एकेक खेळाडू मोठ्या मंचावर विश्वासाने खेळतो ते मोजकेच. पाचांतला एक बदलला की कर्णधाराने महिनोन्‌महिने बसवलेले डाव कोलमडतात, आणि समोरच्या संघाला कोणते हिरो बाद करायचे ते न सांगता कळते.

कस्टम्सचे थोडक्यात. प्रक्षेपणाची यंत्रे एटीए कार्ने या कस्टम्सच्या कागदपत्रावर, म्हणजे परत नेण्याच्या बोलीवर विनाशुल्क येतात. यादीतला अनुक्रमांक आणि यंत्रावरचा अनुक्रमांक जुळला नाही की अख्खी पेटी अडते. ऐनवेळी बदललेला एखादा नेटवर्क स्विच, म्हणजे संगणक एकमेकांना जोडणारा डबा तेवढ्याला पुरतो. वाटायच्या जर्सी आणि विकायच्या भेटवस्तू कार्नेवर चालत नाहीत, त्यांची कागदपत्रे वेगळी. परत जाताना शिक्का राहिला तर शुल्काची मागणी येते. माल शुक्रवारी संध्याकाळी उतरणार असेल, तर शनिवारी शिक्का मारणारा अधिकारी जागेवर हवा. बस्स.

आता नेटवर्क. २०१२ ची लीग ऑफ लीजेंड्सची जागतिक स्पर्धा लॉस एंजेलिसला होती. उपांत्यपूर्व फेरीत जोडणी पुन्हापुन्हा तुटली, एक सामना तासन्‌तास रखडला आणि त्या दिवशी संपलाच नाही. २०१५ मध्ये सिएटलला ‘द इंटरनॅशनल’ चालू असताना बाहेरून डीडॉस हल्ला झाला, म्हणजे खोट्या वाहतुकीचा लोंढा सोडून लाइन बुजवली गेली, आणि सामने खोळंबले. म्हणून सामन्याचा सर्व्हर सभागृहातच ठेवावा. पिंग, म्हणजे संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ काही मिलिसेकंदांवर येतो आणि दहाही खेळाडूंना सारखाच मिळतो. पण लॉगिनसाठी आणि प्रक्षेपणासाठी बाहेरची लाइन लागतेच, आणि तिथे सरकारी परवानगीचा संबंध येतो.

‘दोन कंपन्यांच्या दोन फायबर लाइन घेतल्यात’ एवढ्यावर समाधान मानू नये. दोन्ही फायबर एकाच चरातून इमारतीत आले असतील, तर जेसीबीचा एक फटका दोघींचा निकाल लावतो. एक लाइन पुढच्या रस्त्याने आणि दुसरी मागच्या बाजूने यायला हवी, आणि चर खोदायची परवानगी वेळेत मिळायला हवी. स्पर्धेच्या आधीचा आठवडा आणि स्पर्धेचे दिवस त्या दोन्ही रस्त्यांवर खोदकाम बंद, एवढा आदेश निघाला तर लाखमोलाचे काम होईल.

विजेची गंमत वेगळीच आहे. मंचावरचे दहा संगणक मिळून सहा-सात किलोवॉटच खातात, खरा खादाड असतो तो एलईडी पडदा आणि दिवे. पण वीज गेली तर संगणकाचा पॉवर सप्लाय १५-२० मिलिसेकंदच तग धरतो, आणि जनरेटर उठायला दहा-पंधरा सेकंद घेतो. मधली फट ऑनलाइन, म्हणजे क्षणभरही वीज तुटू न देणाऱ्या यूपीएसने भरायची. इथे एक चूक हमखास होते. सगळे संगणक यूपीएसवर, आणि त्यांना जोडणारा नेटवर्क स्विच मात्र भिंतीतल्या साध्या प्लगवर! वीज डोळा मिचकावते, पडदे चालूच राहतात, पण स्विच पुन्हा सुरू व्हायला दोन-चार मिनिटे घेतो आणि दहाही खेळाडू एकदमच बाहेर फेकले जातात. लीग ऑफ लीजेंड्समध्ये डाव मागे नेण्याची क्रोनोब्रेकची सोय आहे, पण ती वापरायची की डाव नव्याने खेळवायचा यावर वाद होतोच. म्हणून आदल्या दिवशी सगळे दिवे, एसी आणि पडदा चालू ठेवून मुख्य वीज मुद्दाम बंद करून पाहावी. क्रीडासंकुलाचे अधिकारी याला तयार होत नाहीत. त्यांना आपल्या सहीचे पत्र लागेल.

सभागृह सरकारी असेल तर मंचाकडेही लक्ष हवे. या खेळांत नकाशाचा न दिसणारा भाग धुक्यात असतो. खेळाडूला दडून बसलेला शत्रू दिसत नाही, प्रेक्षकाला दिसतो. हल्ला होण्याच्या क्षणभर आधी हजारो लोक एकदम ओरडतात, आणि ती आरोळी कानावर पडली तरी दडलेल्याचा डाव फसतो. म्हणून कानात इअरफोन, त्यावर आवाज अडवणारा हेडसेट आणि त्यात सतत सोडलेला घरघराट. तेवढे करूनही सबवूफर मंचाखाली ठेवले तर आरोळी नाही तरी हादरा पायांतून कळतो. काचेचा बूथ केला तर पाच माणसे आणि पाच संगणक मिळून तीन-चार किलोवॉट उष्णता त्या खोलीत कोंडतात. एसी वाढवला की माइकमध्ये त्याचा आवाज येतो. संगणकाचे डबे बूथबाहेर ठेवून लांब केबल आत घेणे हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. मोठा पडदाही खेळाडूंच्या पाठीमागे आणि नजरेपलीकडे हवा. वर सांगितलेल्या २०१२ च्याच स्पर्धेत पडद्यावरचा छोटा नकाशा मान वळवून पाहिल्याबद्दल एका संघाला ३० हजार डॉलर दंड झाला होता.

मान्यवरांबद्दल एक आगाऊ विनंती. भाषणे पहिल्या सामन्याच्या आधी उरकावीत, दोन डावांच्या मध्ये नकोत. तेवढ्या वेळात खेळाडूंना पुढचा ड्राफ्ट ठरवायचा असतो. सत्कारासाठी कोणी मंचावर येणार असेल, तर फोन खाली ठेवूनच यावे. खेळाडूंचेही फोन जमा केलेले असतात.

शेवटी सट्टा. डोटा २ चे चाहते फिक्सिंगला ‘३२२’ म्हणतात. २०१३ मध्ये एका खेळाडूने आपल्याच संघाच्या पराभवावर पैसे लावून ३२२ डॉलर मिळवले, तो हा आकडा. रक्कम हसण्यासारखी आहे, पण निकाल फिरवायला तेवढीही पुरली. जिथे ई-स्पोर्ट्स कायद्याच्या लेखी खेळच नाही, तिथे आयोजकाच्या हाती बंदीपलीकडे काही उरत नाही. निकालनिश्चितीच्या कलमात या स्पर्धांचा नावाने उल्लेख हवा, आणि चौकशीत सट्ट्याच्या नोंदी मागवण्याचा अधिकार पोलिसांना हवा. अठरा वर्षांखालच्या खेळाडूंसाठी पालकांच्या संमतीचा एकच नमुना ठरवून द्यावा, म्हणजे प्रत्येक दूतावास आपापला नमुना काढणार नाही.

नोडल अधिकाऱ्याचे नाव पात्रता फेऱ्या सुरू होण्याआधी जाहीर व्हावे. दोन केबलमार्गांचा नकाशा, कार्नेची नमुना-यादी आणि वीजचाचणीचा तक्ता आमच्याकडे तयार आहे. त्या अधिकाऱ्याची नेमणूक झाली, की त्याच दिवशी ते सगळे त्यांच्या टेबलावर ठेवू.

आपले,
ई-स्पोर्ट्स स्पर्धांच्या पंच, तांत्रिक आणि प्रक्षेपण कामातील सहकारी