त्यांची बाजूही दप्तरी आहे

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला लिटल बिगहॉर्नच्या लढाईवरचा लेख वाचला. जून 1876 मध्ये अमेरिकेतल्या माँटानात लकोटा आणि शायेन या मूलनिवासी जमातींच्या योद्ध्यांनी अमेरिकी लष्करातल्या कस्टर या अधिकाऱ्याची तुकडी कापून काढली, ती हकिकत लेखकाने झकास रंगवली आहे. माझी हरकत दोन गोष्टींना आहे. एक, ‘क्रेझी हॉर्स’ या लकोटा पुढाऱ्याचा म्हणून छापलेला फोटो. दुसरी, ‘या लोकांना लिपी नसल्याने त्यांची बाजू काळाच्या पोटात गडप झाली’ हे वाक्य.

फोटोचे लवकर उरकतो. क्रेझी हॉर्सचा सर्वमान्य म्हणता येईल असा एकही फोटो नाही. त्याच्या नावाने फिरणारे चेहरे एकतर दुसऱ्याचे आहेत किंवा वादातले. साउथ डकोटात 1948 पासून डोंगरात त्याचे जे शिल्प कोरणे चालू आहे, त्याचा चेहराही कल्पनेतलाच.

दुसऱ्या वाक्यावर मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे. माझी सगळी नोकरी तलाठ्याची झाली. एकाच गावात एका नावाचे तीन इसम, उर्फ, सावत्र भाऊ, दुसरी बायको, वारसांचे जबाब, यातच केस पांढरे झाले. मुलगा डेन्व्हरला असतो. त्याच्याकडे मुक्कामाला असताना त्याने लढाईचे मैदान दाखवले आणि तिथून मला हा नाद लागला. तेव्हापासून या माणसांचे कागद शोधतो आहे. अनेक कागद आता घरबसल्या पाहायला मिळतात.

लकोटांचे वर्ष पहिल्या बर्फापासून पुढच्या पहिल्या बर्फापर्यंत. ते सरले की जाणती मंडळी बसून त्या वर्षाची एक खूण ठरवत आणि दप्तर राखणारा माणूस तिचे चित्र चामड्यावर, पुढे कापडावर किंवा कागदावर काढी. नोव्हेंबर 1833 चा मोठा उल्कावर्षाव बहुतेक सगळ्या टोळ्यांच्या चित्रमालिकांत आहे, म्हणून तिथे खुंटी ठोकून पुढची-मागची वर्षे आपल्या सनांशी जुळवता येतात. आता क्रेझी हॉर्सचा जन्म घ्या. हॉर्न चिप्स नावाच्या ओग्लाला (ही लकोटांचीच एक शाखा) वैदूने 1907 साली सांगितले की, ज्या वर्षी ओग्लालांनी शंभर घोडे पळवले त्या वर्षी, पानगळीच्या सुमारास तो जन्मला. शंभर घोडे पळवल्याची खूण क्लाउड शील्ड या दप्तर राखणाऱ्याच्या मालिकेत 1840-41 च्या जागी आहे. पुढे 1930 मध्ये क्रेझी हॉर्सचा जिवलग मित्र ही डॉग याने स्वतंत्रपणे सांगितले, आम्ही दोघे एकाच वर्षी, एकाच ऋतूत जन्मलो. एक चित्र आणि दोन साक्षीदार, तेही वेगवेगळ्या वेळी तपासलेले! आमच्याकडे शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी अंदाजाने टाकलेल्या एक जूनपेक्षा हा पुरावा कितीतरी भक्कम आहे.

नावांचा घोळ मात्र खरा आहे आणि अभ्यासक फसतात ते इथेच. लकोटा पुरुषाचे लहानपणचे नाव वेगळे, पराक्रमानंतरचे वेगळे. क्रेझी हॉर्सच्या बापाचे नावही क्रेझी हॉर्सच होते. ते मुलाला देऊन त्याने स्वतः वर्म हे नाव घेतले. अमेरिकन हॉर्स तर दोन होते. एक सप्टेंबर 1876 मध्ये स्लिम ब्यूट्सच्या लढाईत गोळी लागून मेला, दुसरा ओग्लाला पुढारी 1908 पर्यंत जगला, आणि पहिल्याचे कर्तृत्व दुसऱ्याच्या नावावर चढवलेले लेख मी वाचले आहेत. सोडवणूक कागदातच आहे. 1885 ते 1940 पर्यंत राखीव प्रदेशांतल्या लोकांची कुटुंबवार गणना होत असे. त्यात मूळ नाव, इंग्रजी नाव, वय आणि कुटुंबप्रमुखाशी नाते असते. 1887 च्या कायद्याने सामाईक जमिनीचे माणशी तुकडे पाडले. हेतू जमीन बळकावण्याचा होता आणि ती गेलीही. पण तुकड्याचा मालक मेला की वारस ठरवायला साक्षी होऊ लागल्या, आणि त्या जबाबांत बायका, मुले, भाऊ-बहिणी, कोण कधी वारले, सगळे आले. ज्या व्यवस्थेने त्यांना लुटले तिच्याच फायलींत त्यांची वंशावळ सापडते.

लिपी नव्हती म्हणता, तर रेड हॉर्स या मिनिकोंजू लकोटाने 1881 मध्ये काढलेली चाळीसएक चित्रे पाहा. शायेन रिव्हर एजन्सी या राखीव प्रदेशाच्या सरकारी ठाण्यावर एका लष्करी डॉक्टरसाठी त्याने ती काढली. (एजन्सीच्या नावावर जाऊ नये, तिथे राहतात लकोटाच.) तंबूंची वस्ती, चाल करून येणारे घोडदळ, पडलेले शिपाई, मेलेले घोडे, लढाईनंतर निघालेली माणसे, सगळे क्रमाने आहे. चित्रे अमेरिकेच्या स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. ही डॉगचा पुतण्या एमॉस बॅड हार्ट बुल याने तर नेब्रास्कातल्या क्रॉफर्डमध्ये हिशेबाची जाड वही विकत घेतली आणि चुलत्यांना विचारून विचारून तीत चारशेहून अधिक चित्रांत ओग्लालांचा इतिहास मांडला. तो गेल्यावर वही बहिणीकडे राहिली आणि 1947 मध्ये त्यांच्या रिवाजाप्रमाणे तिच्याबरोबर पुरली गेली. सुदैवाने नेब्रास्का विद्यापीठाच्या अभ्यासकांनी आधीच पानांचे फोटो काढून ठेवले होते.

जबाबांबद्दल सावधगिरी हवी, हे मीच आधी सांगतो. लढाईनंतर कितीतरी वर्षे या माणसांना धास्ती होती की, कस्टरला मारल्याचा गुन्हा आपल्यावर लागेल. दुभाषे कच्चे, विचारणाऱ्याला हवे ते उत्तर आधीच ठरलेले. त्यामुळे कोणी, कधी, कोणासमोर सांगितले हे पाहिल्याशिवाय एकही ओळ घेऊ नये. चॅड्रनचे न्यायाधीश एली रिकर शाळकरी वह्यांत पेन्सिलीने लिहून घेत. हॉर्न चिप्सचा जबाब त्यांच्याच वहीत आहे. डॉ. मार्क्विस यांनी वुडन लेग या शायेन योद्ध्याचे सारे आयुष्य खुणांच्या भाषेतून उतरवून घेतले. गोऱ्या इतिहासकारांनी हे सारे बराच काळ ‘परस्परविरोधी’ म्हणून बाजूला सारले. मग ऑगस्ट 1983 मध्ये मैदानावरचे गवत पेटून जमीन उघडी पडली, पुढच्या वर्षी उत्खनन झाले, आणि काडतुसांच्या पुंगळ्या कुठे कुठे सापडतात याचा नकाशा तयार झाला. योद्ध्यांच्या हाती आवर्ती (एकामागून एक गोळ्या झाडणाऱ्या) बंदुका भरपूर होत्या आणि शिपायांची फळी लवकर मोडली, हे म्हाताऱ्यांचे सांगणे त्या पंचनाम्याशी जुळले.

मैदानावर शिपायांसाठी पांढरे दगड 1890 मध्येच बसले. योद्ध्यांचे तांबडे दगड यायला 1999 उजाडले. त्यातले पहिले दोन लेम व्हाइट मॅन आणि नॉइझी वॉकिंग यांचे, दोघेही शायेन. आपल्या लेखात शायेनांच्या वाट्याला ‘आणि शायेन’ एवढे दोनच शब्द आले आहेत. लढाईच्या आठ दिवस आधी रोझबड नदीकाठी घोडा पडलेल्या भावाला ऐन गोळीबारातून उचलून आणणारी बफलो काफ रोड वुमन शायेन होती आणि तिचे लोक त्या लढाईला तिच्याच पराक्रमावरून ओळखतात.

पुढचा लेख शायेनांवर काढावा, ही विनंती. सुरुवात 1878 पासून करता येईल. त्या वर्षी डल नाइफ आणि लिटल वुल्फ हे शायेन पुढारी आपली सुमारे तीनशे माणसे, बहुतांश बायका-मुले, आजच्या ओक्लाहोमातून घेऊन लष्कराचा पाठलाग चुकवत उत्तरेकडे मायभूमीला निघाले. डल नाइफची माणसे फोर्ट रॉबिन्सन या लष्करी ठाण्यावर कोंडली गेली. दक्षिणेकडे परत जायला नकार दिला म्हणून त्यांचे अन्न आणि जळण तोडले, आणि जानेवारी 1879 च्या कडाक्याच्या थंडीत ती खिडक्यांतून बाहेर पडली तेव्हा त्यांतली कितीतरी गोळ्या घालून मारली गेली. लिटल वुल्फचा जथा मात्र माँटानापर्यंत पोहोचला आणि 1884 मध्ये टंग नदीकाठी शायेनांना जागा मिळाली. आजही ते तिथेच आहेत. लेखकाला गणनेच्या याद्यांतली नावे लावताना अडचण आली तर पत्ता आपल्या कार्यालयात देऊन ठेवला आहे.

आपला,
एक निवृत्त तलाठी, वाई (जि. सातारा)