पट्टी खाली आणून दिलीत, त्याबद्दल

प्रिय टीचर,

तोंडावर आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत. लगेच विषय बदलता, चहा टाकायला उठता. म्हणून हे जाहीर पत्र. वसईत आणि मुंबईत जॅझ ऐकणाऱ्यांना तुमचा आवाज ठाऊक आहे. गाणं सुटलेल्या बाईला तुम्ही पुन्हा गायला कसं बसवता, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

थायरॉइडच्या ऑपरेशननंतर माझं तार सप्तक गेलं. बोलणं अगदी नीट, पण वरच्या षड्जाकडे निघाले की आवाज फाटायचा. वरच्या सुरांसाठी स्वरतंतू ताणणाऱ्या स्नायूची नस त्या ग्रंथीला लगटून जाते, हे मला तेव्हा कळलं. काळी चारच्या उंच पट्टीत भावगीतं गाणाऱ्या मला सगळ्यांनी मायेनं सांगितलं, आता ऐकण्यात आनंद मान.

तुम्ही फक्त विचारलंत, "बोलतेस कुठल्या सुरात?" मला बोलतं ठेवून कीबोर्डवर तो सूर शोधलात आणि त्याच्याच आसपास गाण्याची पट्टी लावलीत. इतक्या खाली मी कधीच गायले नव्हते. मला ते गाणं वाटेचना. तेव्हा तुम्ही अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडे ऐकवलीत. त्या आवाजाचा पल्ला सप्तकाहून फार मोठा नाही, आणि तरी एकेक शब्द काळजाला भिडतो. 1925 च्या सुमारास विजेच्या मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची सक्ती संपली, कानाशी बोलल्यासारखं गाता येऊ लागलं, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला किती धीर आला, ते तुम्हाला कधी बोलले नाही. गेलेला आवाज परत मिळवण्याच्या मागे मी लागले होते. हाताशी होता त्या आवाजाचं एक अख्खं दालन तुम्ही उघडून दिलंत.

तुमची शिकवण्याची रीतही सांगते, गाणाऱ्या इतरांना उपयोगी पडेल. आधी चाल नाहीच. शब्द मोठ्यानं वाचायचे, कुणाला तरी सांगतोय असे. मग कीबोर्ड बंद आणि नुसती चुटकी, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. समेवर वजन टाकायची माझी सवय इतकी जुनी, की तुम्ही माझं मनगट धरून ठेवायचात आणि पहिली मात्रा मोकळी जाऊ द्यायचात. या जॅझ गाण्यांतली बरीचशी 32 बारांची (बार म्हणजे इथं चार मात्रांचं एक आवर्तन), आठ-आठच्या चार भागांत बांधलेली. तो आराखडा अंगात मुरला की शब्द मागे रेंगाळू द्यावा, पुढे ढकलावा. लय सुटत नाही. ख्याल शिकलेल्या मला हे फार जवळचं वाटलं.

'हे आपलं नाही' असं मी एकदा म्हणाले, तर तुम्ही सी. रामचंद्रांचं गाणं लावलंत आणि ट्रम्पेटकडे बोट दाखवलंत. चिक चॉकलेट, म्हणजे गोव्याचे अँटोनियो झेवियर वाझ. मुंबईच्या ताज हॉटेलात जॅझ वाजवणारा हा माणूस सी. रामचंद्रांचंच संगीत असलेल्या 'अलबेला' चित्रपटात (1951) आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. मग परकं काय उरलं?

आणि त्या रविवारी तुमच्या स्वतःच्या कार्यक्रमातली दोन गाणी तुम्ही मला दिलीत. पियानोवाल्या काकांना माझी पट्टी आधीच लिहून दिली होतीत. लोक तुम्हाला ऐकायला आले होते. तुम्ही खाली पहिल्या रांगेत बसून चुटकी धरलीत. गाणाऱ्या माणसासाठी स्वतःचा माइक दुसऱ्याच्या हातात देणं किती अवघड असतं, हे मला माहीत आहे. हे ऋण मी विसरणार नाही.

सध्या 'बॉडी अँड सोल'वर अडले आहे. 1930 चं ते गाणं मधल्या आठ बारांत अर्धा सूर वर चढतं, मग मूळ पट्टीच्याही अर्धा सूर खाली उतरतं आणि तिथून घरी येतं. जाताना जमतं, येताना सूर हलतो. गुरुवारी येते. तेवढं पक्कं करून घ्या, आणि या वेळी फी घ्याच.

तुमची,
गुरुवारची विद्यार्थिनी