मंदीत वाढ, पण कोणाच्या पैशावर?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला मंदीत कंपनी कशी वाढवावी हा लेख वाचला. काल रात्रीच लिहायला बसलो होतो, मग म्हटलं रागात नको, सकाळी लिहू. सकाळी लेख परत वाचला आणि राग आहे तिथंच आहे.

लेखक मोठ्या हुद्द्यावरचे आहेत, अभ्यासू आहेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही. मंदी म्हणजे संधी वगैरे ठीक आहे, ते आम्ही दर मंदीत ऐकतो. केलॉगची गोष्टही आली, ती यायचीच, १९३० च्या दशकातल्या महामंदीत अमेरिकेत नाश्त्याचं सिरियल विकणाऱ्या पोस्ट कंपनीने जाहिराती आवरल्या, तिच्या स्पर्धक केलॉगने वाढवल्या आणि बाजी मारली. बरं. पण मुद्दा क्रमांक चारला मी अडकलो. खेळतं भांडवल मोकळं करा, व्हेंडरच्या पेमेंट टर्म्स नव्याने ठरवून घ्या. बस, एक ओळ. लगेच पुढे नेतृत्व, व्हिजन आणि (हे मात्र कमाल आहे) सहानुभूती.

"नव्याने ठरवून घ्या" म्हणजे काय ते मी सांगतो, कारण तो व्हेंडर मी आहे.

माझं पार्ट बनवून द्यायचं छोटं युनिट आहे. मागच्या मंदीत आमच्या सगळ्यात मोठ्या कस्टमरकडून शुक्रवारी संध्याकाळी मेल आला, सब्जेक्ट ‘चला, एकत्र वाढूया’. मला वाटलं ऑर्डर वाढली. उघडून बघतो तर ४५ दिवसांचं पेमेंट आता ९० दिवसांनी, आणि ते सुद्धा आधी दिलेल्या मालाच्या बिलांना धरून. फोन केला तर पर्चेसमधला मुलगा म्हणाला, सर वरून आलंय. वर कोण ते त्यालाही माहीत नव्हतं बहुतेक. आणि ९० दिवस मोजायचे कधीपासून, तर माल पोचल्यापासून नाही, बिल त्यांच्या सिस्टीममध्ये चढल्यापासून, आणि बिल चढायलाच तीन आठवडे गेले कारण पीओ (पर्चेस ऑर्डर) नंबरात एक शून्य कमी पडलं होतं, जो पीओ त्यांनीच पाठवला होता.

इकडे मला कच्चा माल देणारा मंदी आहे म्हणून रोख मागायला लागला. पगार सात तारखेला. बँकेच्या सीसी (कॅश क्रेडिट) अकाउंटची उचल काठोकाठ. तेव्हा त्याच कस्टमरच्या फायनान्सवाल्यांनी फार प्रेमाने सुचवलं की पैसे लवकर हवे असतील तर आमच्या बँकेकडून बिल डिस्काउंट करून घ्या ना, बँक व्याज कापून बिलाचे पैसे आधीच देते! म्हणजे पैसे माझे, उशीर त्यांचा आणि व्याज परत मीच भरायचं. भरलं, काय करणार. नव्या मशीनसाठी दिलेला अॅडव्हान्स सोडून दिला, आठ जणांतल्या दोघांना घरी पाठवावं लागलं, त्यातला एक माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होता.

त्याच क्वार्टरला कंपनीने जाहीर केलं, मंदीतही कॅश फ्लो सुधारला. साहेबांना कुशल नेतृत्वाचं बक्षीस मिळालं. फोटो आपल्याच पेपरात होता, हाताची घडी घालून. त्या घडीत माझी तीन बिलं होती.

कोणी म्हणेल असा कस्टमर सोडायचा. निम्म्याहून जास्त धंदा ज्याच्यावर आहे त्याला सोडा म्हणणं सोपं आहे. एकाच्याच भरवशावर इतकं राहायला नको होतं ही माझी चूक, मान्य.

पण ही स्ट्रॅटेजी म्हणून छापायच्या आधी ब्रिटनमधल्या कॅरिलियनचं काय झालं ते तरी बघायचं होतं. बांधकामातली बडी कंपनी, सप्लायरना १२० दिवस लटकवण्याबद्दल बदनाम, कागदावर सगळं झकास, डिव्हिडंडही वाटत होती. जानेवारी २०१८ मध्ये बसली तेव्हा हातात रोख २.९ कोटी पौंड, देणी ७०० कोटी पौंडांच्या आसपास, आणि रांगेत ३०,००० सप्लायर आणि सबकॉन्ट्रॅक्टर. मोठ्यांना वेळेवर पैसे देणं जमतच नाही असंही नाही, मार्च २०२० मध्ये, सगळं ठप्प असताना, युनिलिव्हरने छोट्या सप्लायरना लवकर पेमेंट आणि काही छोट्या दुकानदारांना उधारी असं मिळून ५० कोटी युरोंचं जाहीर केलं होतं. ते लेखात आलं असतं तर मी हे पत्र लिहिलंच नसतं.

आणि लेखात हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधल्या २०१० च्या ज्या अभ्यासाचा इतका दाखला दिलाय, ४,७०० कंपन्यांचा, त्यातले मंदीनंतर जोमाने वर आलेले ९ टक्के तेवढे लेखकांना दिसले. १७ टक्के टिकल्याच नाहीत हे राहिलं. शिवाय त्यातल्या चांगल्या कंपन्यांनी खर्च वाचवला तो कामातला फाफटपसारा कमी करून, आणि सोबत संशोधन, मार्केटिंग, मशिनरीत पैसा घातला. दुसऱ्याचं बिल दाबून ठेवा असं त्यात मला तरी कुठे सापडलं नाही.

जाता जाता, लेखाखाली ‘उर्वरित पान ९ वर’ असं होतं. पान ९ वर पूर्ण पान जाहिरात आहे. पान ८ बघितलं, १० बघितलं, शब्दकोडंसुद्धा बघितलं. व्हेंडरला पैसे द्या असं कदाचित त्या उर्वरित भागात असेल, तर तो छापावा, मी माझे शब्द मागे घेईन.

पत्र छापलंत तर नाव छापू नका. गेल्या क्वार्टरचं एक बिल अजून त्यांच्याकडे आहे, आणि या वेळी पीओ नंबर बरोबर आहे.

आपला,
एक व्हेंडर