पूर्वरंगाला कात्री लावू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाणे-नवी मुंबई परिसरात हौशी मंडळांची नाट्य-अभिवाचने होत असतात आणि त्यांना चांगले श्रोते लाभतात, याचा मनापासून आनंद वाटतो. मात्र अशाच एका कार्यक्रमात कालिदासाच्या ‘शाकुंतला’चे मराठी रूपांतर वाचताना नांदी आणि सूत्रधार-नटीचा प्रवेश सबंध गाळून थेट दुष्यंताच्या मृगयेपासून सुरुवात करण्यात आली. मध्यंतरात विचारले असता, तो भाग नुसता उपचाराचा असतो, लोक कंटाळतात आणि वेळेचेही बंधन आहे, असे उत्तर मिळाले. साहित्यकृतीच्या आरंभी येणारा पूर्वरंग म्हणजे मुख्य पदार्थाआधीची सजावट, हा समज त्या मंडळापुरता मर्यादित नाही, म्हणून हे पत्र.

गाळलेल्या त्या प्रवेशात काय घडते, ते पाहावे. सूत्रधार नटीला ग्रीष्म ऋतूवर गाणे म्हणायला सांगतो. ती गाते आणि सारी सभा चित्रासारखी स्तब्ध होते. मग सूत्रधार विचारतो की, आता कोणते नाटक करून या रसिकांना संतुष्ट करावे? ‘शाकुंतल’ करायचे असे आपणच आधी सांगितले होते, याची आठवण नटी त्याला करून देते. तेव्हा तो कबूल करतो की, वेगवान हरणाने दुष्यंताला ओढून न्यावे तसे तुझ्या गाण्याने मला ओढून नेले आणि त्या क्षणी मी सारे विसरलो. हे वाक्य संपते न संपते तोच हरणामागे धावणारा दुष्यंत रथातून रंगमंचावर येतो. पुढे चौथ्या अंकात दुर्वासाचा शाप आहे, पाचव्यात राजाला शकुंतलेची ओळख पटत नाही आणि सहाव्यात अंगठी सापडल्यावर त्याला सारे आठवते. मोहात पडणे, विसरणे आणि कोणीतरी आठवण करून देणे हा जो या नाटकाचा गाभा, तो कालिदासाने चार-सहा वाक्यांत, हलक्याफुलक्या संवादातून आधीच आपल्या हाती ठेवला आहे. याला उपचार म्हणणे मला तरी शक्य नाही.

पुढची कलाकृती कोणत्या मनाने घ्यायची हे सांगणे, हेच माझ्या मते पूर्वरंगाचे खरे काम होय, आणि मराठी वाचकाला ते नव्याने शिकवण्याची गरज पडू नये. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात कुरुक्षेत्रावर पोहोचण्याआधी ज्ञानदेव आपल्याला किती वेळ थांबवून ठेवतात! ‘ॐ नमोजी आद्या’ने आरंभ करून ते जो गणेश उभा करतात, तो शब्दब्रह्माचा आहे, अकार त्याचे चरण, उकार त्याचे उदर, मकार त्याचे मस्तक. त्यानंतर ते श्रोत्यांकडे वळतात आणि सांगतात की, चकोराची पिले शरदाच्या चांदण्यातले कोवळे अमृतकण जशी हळुवार मनाने वेचतात, तशी चित्ताला हळुवारपणा आणून ही कथा अनुभवावी. वाचनाची इतकी नेमकी सूचना देणाऱ्या ओव्या वगळून कोणी थेट गीतेच्या श्लोकांवर गेला, तर त्याला अर्थ कळेलही, पण ग्रंथाचा स्वर त्याच्या कानी पडणार नाही. कीर्तनात बुवा आधी पूर्वरंगात अभंगाचे निरूपण करतात आणि मग उत्तररंगात आख्यान लावतात, त्यामागेही हाच विचार आहे. तमाशात वगाच्या आधी गण आणि गौळण येतात, त्यांनाही मी याच परंपरेत मोजतो.

पूर्वरंगामुळे उत्सुकता मरते, हा दुसरा आक्षेप. ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या ‘हिपोलिटस’मध्ये प्रेमदेवता अफ्रोदिती आरंभीच येऊन नायकाचा मृत्यू जाहीर करते. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ आणि ज्युलिएट’मधले पहिले चौदा ओळींचे सुनीतही प्रेमिकांचा अंत सांगून मोकळे होते. तरीही शतकानुशतके प्रेक्षक ही नाटके शेवटपर्यंत पाहत आले आहेत, कारण ‘काय होणार’ याची टोचणी गेली की ‘हे असे का होते आहे’ याकडे लक्ष लागते आणि ज्युलिएटच्या साध्या बोलण्यातही काळजाला हात घालणारे काही ऐकू येऊ लागते.

कादंबरीकारांविषयीही थोडे कठोर बोलावेसे वाटते. रहस्यकथा आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांत हल्ली मधल्याच एखाद्या प्रकरणातला खून किंवा लढाई उचलून पूर्वरंग म्हणून आरंभी ठेवतात, आणि पुढे योग्य जागी तोच प्रसंग पुन्हा वाचावा लागतो. पहिले प्रकरण संथ आहे अशी धास्ती लेखकाला वाटत असेल, तर त्याने पहिले प्रकरण दुरुस्त करावे. निवेदकाला जे ठाऊक असणे शक्य नाही, जे दोन पिढ्यांपूर्वी घडून गेले आहे, किंवा जे वेगळ्याच आवाजात सांगायला हवे, त्यासाठी मात्र स्वतंत्र पूर्वरंग जरूर असावा.

दुसऱ्या लेखकाने लिहिलेली प्रस्तावना ही निराळी गोष्ट. ती कलाकृतीच्या बाहेर उभी असते. तरी ‘विशाखा’ला वि. स. खांडेकरांची आणि ‘गोलपिठा’ला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना लाभली, हे त्या कवितासंग्रहांच्या वाचकांचे भाग्यच म्हणायचे.

वाशीच्या नाट्यगृहाला विष्णुदास भाव्यांचे नाव आहे. 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर करणाऱ्या भाव्यांच्या नाटकांत सूत्रधाराचे मंगलाचरण, विदूषकाशी त्याची थट्टामस्करी, गणपती आणि सरस्वती यांचे आगमन एवढे सगळे झाल्यावर कथानक सुरू होत असे. तेवढा विस्तार आज कोणी मागणार नाही. अभिवाचन करणाऱ्या मंडळांनी वेळ कमी पडत असल्यास मधली वर्णने किंवा पुनरुक्ती कमी करावी, पण सूत्रधाराचा प्रवेश राखावा, एवढीच विनंती आहे. स्पर्धांच्या आयोजकांनीही नांदी आणि प्रस्तावनेची मिनिटे वेळेच्या मर्यादेतून वगळण्याचा विचार करावा. आपल्या पुरवणीतील परीक्षणकर्त्यांनी नव्या कादंबरीच्या आरंभाविषयी दोन वाक्ये जरी लिहिली, तरी लेखक आणि प्रकाशक त्या पानांकडे अधिक गांभीर्याने पाहू लागतील.

आपला विश्वासू,
एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई