शोधाची बातमी देता, मग त्यामागची गोष्टही छापा की

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात सायन्सच्या बातम्या येत नाहीत असं मी म्हणणार नाही, पण कशा येतात बघा, 'शास्त्रज्ञांनी शोधून काढलं' असं हेडिंग, खाली चार ओळी, झालं. कोण शास्त्रज्ञ, किती वर्षं झटले, कुठे अडले, काहीच नाही. मला तर तेच वाचायचं असतं.

जून २०२३ मधलं सांगतो. सगळ्या विश्वात गुरुत्वीय लहरींची, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या तरंगांची, एक अगदी संथ घरघर चालू आहे, तिचे पुरावे मिळाले म्हणून जगभर बातमी झाली आणि त्यात युरोपच्या दुर्बिणींबरोबर आपल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचा (जीएमआरटीचा) डेटा होता! मी जुन्नर तालुक्यातला रिटायर्ड मास्तर, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला पोरांना घेऊन तिथे जायचो. आधी मोबाइल बंद करायला लावतात, कारण आकाशातून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की आपल्या फोनपुढे त्याचं काही चालत नाही. ४५ मीटर व्यासाची ती अँटेना जवळून बघा, पत्रा नाहीच, नुसती तारेची जाळी, आरपार आभाळ दिसतं. एका पोरीने विचारलं, सर, भोकांतून सिग्नल गळत नाही का? तर नाही गळत, कारण त्या रेडिओ लहरींची लांबी भोकांपेक्षा कितीतरी मोठी, वारा मात्र आरपार निघून जातो, म्हणून सांगाडा हलका करता आला आणि खर्च वाचला. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या टीमने असल्या ३० अँटेना उभ्या केल्या. आणि ही घरघर ऐकायची म्हणजे मेलेल्या ताऱ्यांचे घड्याळासारखे येणारे रेडिओ ठोके, लहरींमुळे ते किंचित मागेपुढे होतात का हे बघायला, वर्षानुवर्षं मोजत बसायचं, युरोपवाल्यांची मोजमापं तर जवळपास २५ वर्षांची होती. एवढा धीर कुठून आणतात ही माणसं?

शास्त्रज्ञ कातालिन कारिको बाईंचंही तसंच. १९८५ साली गाडी विकून आलेले पैसे लेकीच्या टेडी बेअरमध्ये शिवून हंगेरीहून अमेरिकेला गेल्या, एमआरएनएवर, म्हणजे पेशीला प्रोटीन बनवायची सूचना देणाऱ्या रेणूवर, काम करायला ग्रँट मिळेना, १९९५ मध्ये तर पदावरून खाली आणलं. पुढे झेरॉक्स मशीनपाशी दुसरे शास्त्रज्ञ ड्रू वाइसमन भेटले, दोघांचा महत्त्वाचा पेपर २००५ साली आला, तेव्हा फार कुणी दखल घेतली नाही, आणि कोविडच्या एमआरएनए लसी त्याच कामावर उभ्या राहिल्या. २०२३ ला नोबेल.

२०२४ चं मेडिसिनचं नोबेल तर एक मिलिमीटरच्या किड्यावरच्या कामातून आलं, १९९३ साली मायक्रोआरएनए, म्हणजे जनुकांच्या कामावर ताबा ठेवणारा छोटासा रेणू, सापडला तेव्हा वाटलं हे त्या किड्यापुरतंच असेल, आणि निघालं माणसातसुद्धा.

आठवड्याला अर्धं पान द्या ना यासाठी. सुरुवात खोडदपासून करा, रिपोर्टर पाठवा, तिथे काम करणाऱ्यांशी बोलू दे. नारायणगाव स्टँडवर मी स्वतः येऊन थांबतो, रस्ता दाखवायला.

आपला,
एक जुना वाचक, ता. जुन्नर