तांबे मोजता, मग उरलेला बोर्ड का नाही? केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स मंत्र्यांना खुले पत्र

मा. श्री. अश्विनी वैष्णव,
केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री, नवी दिल्ली

महोदय, सविनय नमस्कार.

मी पुण्यात पदविकेच्या विद्यार्थ्यांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. सुटे भाग देशातच तयार व्हावेत म्हणून आपल्या मंत्रालयाने आणलेल्या योजनेचे मी मनापासून स्वागत करतो. मार्च २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली तेव्हा तरतूद २२,९१९ कोटी रुपयांची होती आणि बहुस्तरीय पीसीबी, म्हणजे छापील सर्किट बोर्डही तिच्यात आहेत. म्हणजे सर्किट बोर्डांचे कारखाने आता उभे राहणार. बोर्ड ज्या पाटीवर घडतो ती पाटी कशाची असावी, हे यंत्रे बसण्याआधीच ठरवायला हवे. एकदा यंत्रे बसली की पुढची वीस वर्षे कोणी ती बदलणार नाही.

आज बहुतेक बोर्ड ज्या मालाचे असतात त्याला बाजारात ‘ग्लास इपॉक्सी’ म्हणतात. काचेच्या धाग्यांचे कापड, त्यात मुरवलेली इपॉक्सी राळ आणि वर तांब्याचा पातळ पत्रा. आग पसरू नये म्हणून राळेत ब्रोमिनयुक्त रसायन, बहुतेक वेळा टीबीबीपीए, घातलेले असते. आमच्या वर्कशॉपमध्ये मुले हा बोर्ड हॅकसॉने कापतात तेव्हा कडेला पांढरे धागे सुटतात आणि बारीक भुकटी मनगटावर बसून खाजत राहते. पण खरी अडचण पुढे येते. ही राळ एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही. भाजलेल्या भाकरीचे परत पीठ होत नाही, तसेच. म्हणून जुना बोर्ड भरडतात किंवा भट्टीत टाकतात. तांबे, सोने हाती लागते, राळ जळून जाते आणि काच धातुमळीत जाते.

आपले नियमही याच हिशेबाने चालतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत उत्पादकाला विस्तारित जबाबदारीची, म्हणजे टाकाऊ मालाचे पुनर्चक्रीकरण झाल्याची, प्रमाणपत्रे घ्यावी लागतात. ती मिळतात सोने, तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियम या चार धातूंवर. बोर्डातली काच आणि राळ परत मिळवली, तर त्यासाठी प्रमाणपत्र मिळत नाही. घातक पदार्थांच्या यादीत पीबीबी आणि पीबीडीई ही ब्रोमिनयुक्त रसायने आहेत, पण टीबीबीपीए नाही. राळेत ते पक्के बांधलेले असते, हे मला मान्य आहे. बोर्ड उघड्यावर जळतो तेव्हा मात्र त्यातून विषारी संयुगे बाहेर पडतात.

आणि तो उघड्यावर जळतो. मुरादाबादेत रामगंगेच्या काठी लोक वर्षानुवर्षे बोर्ड जाळत आले, ती काळी राख नदीत धुऊन तांबे वेचत आले. पितळेच्या कारागिरीसाठी नावाजलेल्या शहरात गरिबांवर ही वेळ आली, ती चूल पेटावी म्हणून. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के नोंदणीकृत मार्गाने पुनर्चक्रीकरणाला गेला. उरलेला कचरा कायद्याच्या नजरेआड गेला.

मालच बदलता येतो, याचे दाखले आहेत. ब्रिटनमधल्या जीवा मटेरियल्सने नैसर्गिक धाग्यांचा ‘सोल्युबोर्ड’ तयार केला. तो ९० अंशांच्या आसपासच्या पाण्यात ठेवला की थर सुटतात, धागे वेगळे होतात आणि वरचे सुटे भाग शाबूत निघतात. २०२३ मध्ये इन्फिनिऑनसारख्या चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपनीने तो आपल्या नमुना बोर्डांसाठी वापरला. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाने २०१५ मध्येच लाकडापासून काढलेल्या नॅनोसेल्युलोजच्या, म्हणजे अतिसूक्ष्म तंतूंच्या, पाटीवर चिप करून दाखवली आणि ती पाटी बुरशीने कुजते हेही दाखवले. ऑस्ट्रियातल्या लिंझच्या संशोधकांनी २०२२ मध्ये अळिंबीच्या सालीवर सर्किट उमटवले. हे शेवटचे काम अजून प्रयोगशाळेपुरते आहे. सोल्युबोर्ड मात्र कारखान्याच्या दारापर्यंत आला होता.

आपल्याकडे काय आहे? माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत, म्हणजे सिरकॉटमध्ये, सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंपासून नॅनोसेल्युलोज काढण्याचा प्रायोगिक प्रकल्प काही वर्षांपूर्वीच उभा राहिला. जेजुरीत प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये जैवप्लास्टिकचे प्रात्यक्षिक केंद्र सुरू केले. पाषाण परिसरात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे आणि तिथेच आपल्या मंत्रालयाची स्वतःची सी-मेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सला लागणाऱ्या पदार्थांवर संशोधन करणारी संस्था, आहे. सी-मेटच्या हैदराबाद केंद्रात तर ई-कचऱ्यावर काम चालते. विदर्भातली पऱ्हाटी दरवर्षी बांधावर पेटवली जाते. बंगालमध्ये ताग आहे. कापूस पिकवणारा, बहुलके (पॉलिमर) जाणणारा आणि बोर्ड तयार करणारा या तिघांना एका खोलीत बसवण्याचे काम मात्र माझ्या माहितीप्रमाणे कोणी केलेले नाही.

अडचणी मी लपवणार नाही. शिसेमुक्त डाखकामात (सोल्डरिंगमध्ये) बोर्ड २४० अंशांच्या पुढे तापतो. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून होणारे पीएलए हे जैवप्लास्टिक त्याच्या खूप आधीच वितळते. त्यासाठी १३८ अंशांना वितळणारा कथिल-बिस्मथचा डाख वापरावा लागेल. कोकणातला पावसाळा सेल्युलोजला मानवणार नाही, वर लेप द्यावा लागेल. मोबाइल, वाहने, रुग्णालयातली जीवरक्षक यंत्रे यांच्यात हा माल आज घालू नये. आणि बोर्ड कुजतो म्हणून तो मातीत टाकायचाही नाही, कारण त्यावरचे तांबे आणि डाख कुजत नाहीत. मला हवा आहे तो सहज सुटणारा बोर्ड, ज्याची पाटी शेतातून येते आणि ज्याचे धातू आग न लावता परत मिळतात.

सुरुवात अल्पायुषी वस्तूंपासून करावी: रिमोट, खेळणी, ग्रंथालयातल्या पुस्तकांवरचे, रेडिओ लहरींनी वाचले जाणारे आरएफआयडी टॅग, शेतातले ओलावा मोजणारे सेन्सर. माझ्या मते सगळ्यात सोपे पहिले गिऱ्हाईक म्हणजे देशभरातली आयटीआय आणि तंत्रनिकेतने. मुलांचे प्रकल्पाचे बोर्ड बहुधा एकपदरी असतात, विजेचा दाब कमी असतो आणि तोंडी परीक्षा झाली की त्यांचे आयुष्य संपते. त्यासाठी ग्लास इपॉक्सी कशाला हवी?

म्हणून मागणे असे. सुट्या भागांच्या योजनेत, किंवा तिला जोडून, विरघळणाऱ्या आणि वनस्पतिजन्य पाट्यांसाठी स्वतंत्र निधी ठेवावा. सी-मेट, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि सिरकॉट यांना एकत्र काम नेमून द्यावे आणि त्याला मुदत घालावी. पर्यावरण मंत्रालयाशी बोलून काच आणि राळ परत मिळवण्यालाही प्रमाणपत्र मिळेल अशी दुरुस्ती करून घ्यावी. कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकसाठी जसे मानक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते, तसे बोर्डासाठीही भारतीय मानक ब्युरोकडून मानक तयार करून घ्यावे. ते येईपर्यंत कोणालाही आपल्या वस्तूवर ‘जैवविघटनशील’ असे छापू देऊ नये. आणि तंत्रनिकेतनांसाठी अशा बोर्डांची पहिली खरेदी केंद्राने स्वतः करावी, म्हणजे कारखानदाराला गिऱ्हाइकाची खात्री राहील.

आपला नम्र,
इलेक्ट्रॉनिक्सचा एक शिक्षक, पुणे