तो पट्टा रिकामा नाहीये

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

गेले काही दिवस तुमच्या या सदरात शहरातल्या पार्किंगवर पत्रं येतायत. मारुती मंदिरला जागा नाही, राम आळीत गाडी शिरत नाही, शनिवार-रविवार आला की बाहेरच्या गाड्यांनी जीव नकोसा होतो वगैरे. सगळं खरंय. पण एका जागेबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहित्ये. निळ्या पाटीवर व्हीलचेअरचं चित्र असतं ना, ती जागा.

मी ५३ वर्षांची, लहानपणी पोलिओ झाला, उजवा पाय गेला. देशातली पोलिओची शेवटची केस २०११ ची, २०१४ ला आपण पोलिओमुक्त म्हणून जाहीर झालो, म्हणजे आमच्यात आता नवीन भरती बंद, आणि ते फार चांगलं झालं. पण जे आम्ही आहोत ते आता पन्नाशी-साठीत आलोय आणि इतकी वर्षं दोघांचं काम एकट्याने केलेला दुसरा पायही आता कुरकुरतो. मी २२ वर्षं साईड व्हीलवाली स्कूटर चालवली, रत्नागिरीच्या पावसात, रेनकोट घालून, कुबडी मागे बांधून. सहा वर्षांपूर्वी गाडी घेतली. ऑटोमॅटिक आहे, ॲक्सिलरेटर आणि ब्रेक स्टिअरिंगखालच्या लिव्हरने हातानेच. पहिल्या पावसात काचा वर करून कोरड्या अंगाने ऑफिसला पोचले तेव्हा गाडीत बसून पाच मिनिटं नुसती हसत होते.

आता गेल्या जुलैतली गोष्ट. एका मोठ्या दवाखान्यात आईचे रिपोर्ट आणायला गेले. (नाव लिहीत नाही, आणि नाव लिहून उपयोगही नाही, सगळीकडे तेच.) नशिबाने राखीव जागा रिकामी होती. गाडी लावली, आत गेले, अर्ध्या तासाने फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाहेर आले तर माझ्या दाराला चिकटून एक स्कूटर उभी. त्या जागेला लागून पिवळ्या तिरक्या रेघांचा पट्टा मारलेला असतो, त्यात बरोब्बर बसवलेली. हँडल लॉक. पाऊस धो धो.

आता मी गाडीत कशी बसत्ये ते सांगत्ये, कारण त्याशिवाय हे कळणार नाही. मला दार पूर्ण, म्हणजे अगदी पूर्ण उघडावं लागतं. मग गाडीकडे पाठ करून सीटवर बसायचं, कॅलिपर, म्हणजे आधाराच्या लोखंडी पट्ट्या, लावलेला पाय सरळ बाहेर असतो, मग गुडघ्याजवळची कडी वर ओढून लॉक सोडायचं, पाय वाकवायचा, दोन्ही हातांनी उचलून आत घ्यायचा, आणि शेवटी कुबडी ओढून घ्यायची. उतरताना सगळं उलट. दार अर्धं उघडून तिरकं शिरणं हे तुमच्यासाठी, मला ते जमत नाही. तिथे जमलेल्यांपैकी एकजण म्हणाला, ताई त्या बाजूच्या दाराने जाऊन आतल्या आत सरका की. मधे गिअरचा दांडा, हँडब्रेक, आणि पायात लोखंड. सरका म्हणे.

वॉचमनने स्कूटर मागून उचलून सरकवायचा प्रयत्न केला, एकट्याने काय होणार. आत जाऊन माईकवर गाडीचा नंबर सांगायला लावला, दोनदा. मी पोर्चमधल्या खांबाला टेकून उभी. बसायला बाक होता पण तो इतका खाली की एकदा बसले की उठवायला माणूस लागतो. पन्नास मिनिटं गेली. शेवटी डोक्यावर रुमाल टाकून धावत धावत जे आले ते आमच्या बाबांचे जुने मित्र, मी परकरात होते तेव्हापासून मला ओळखणारे. मला बघून तिथल्या तिथे थबकले. म्हणाले, "अगं तू होय! तुझी गाडी आहे माहीत असतं तर लावली असती का मी? मला वाटलं रिकामीच जागा आहे."

खूप ओशाळले बिचारे. चहाला चल म्हणाले. आईची चौकशी केली. मी काय बोलणार, हसून निघाले. पण घरी येईपर्यंत ते एक वाक्य डोक्यात फिरत होतं, तुझी गाडी आहे माहीत असतं तर.

आपल्याकडे माणूस ओळखीचा असला की काय वाट्टेल ते होतं हो. देवळात गेले की कोणीतरी खुर्ची सरकवतं, लग्नात ताट जागेवर येतं, एसटीने जायचे तेव्हा कंडक्टर डबल बेल द्यायच्या आधी मागे वळून बघायचा मी बसल्ये का ते. माझी कसलीच तक्रार नाही. पण पाटी कोणाच्या ओळखीची नसते. त्या पाटीवर माझं नाव नाही, माझ्या बाबांचं नाव नाही, तिथे जो यायचाय तो कोण, कुठला, कधी येणार काही माहीत नाही, आणि त्या न आलेल्या माणसासाठी जागा सोडायची हे काही आपल्या अंगवळणी पडत नाही. समोर आला की उठून जागा देऊ. पण तो समोर येणारच कसा, उतरायलाच जागा नाही त्याला. तो गाडी फिरवून घरी जातो आणि आपण म्हणतो, इथे कोणी येतच नाही, उगाच जागा अडवून ठेवल्ये. मी स्वतः किती वेळा अशी फिरवून घरी आल्ये याचा हिशोब नाही.

आणि लोकांचा एक गैरसमज आहे की ही जागा म्हणजे दाराजवळची जागा, एक सवलत, अपंगांवर दया म्हणून दिलेली. दाराजवळ हवी हे खरंच, नियमात प्रवेशापासून ३० मीटरच्या आत म्हटलंय, आणि पावसाळ्यात चिऱ्याच्या फरशीवर शेवाळ धरलं की कुबडीचं रबर कसं सुळ्ळकन सटकतं ते एकदा अनुभवा म्हणजे ३० मीटरही लांब वाटतील. पण मुख्य मुद्दा लांबीचा नाही, रुंदीचा आहे. साधी जागा अडीच मीटरच्या आसपास असते. आमची जागा ३.६ मीटर हवी असं केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय, त्यातले १.२ मीटर हा तो पट्टा. व्हीलचेअर गाडीला लावायला, दार उघडायला, कॅलिपरचा पाय बाहेर काढायला. ती उरलेली जागा नाही. मी तर गाडी सरळ घालायची की रिव्हर्समध्ये हेसुद्धा पट्टा कोणत्या हाताला आहे ते बघून ठरवत्ये, कारण तो माझ्या म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला यायला हवा. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

त्यामुळे होतं काय, की चारचाकीवाले राखीव जागेत गाडी घालायला थोडे तरी कचरतात, पण टू व्हीलरवाल्यांना त्या पट्ट्याबद्दल काही वाटतच नाही. रिकामाच तर आहे. एक स्कूटर लावली की दुसऱ्याला धीर येतो, दहा मिनिटांत चार. आणि नुसत्या गाड्या असत्या तरी एक वेळ ठीक. मी या जागांमध्ये काय काय बघितलंय, जनरेटर, झाडांच्या कुंड्या, पाण्याचे जार, गणपतीच्या दिवसात मांडवाचे बांबू, एका ठिकाणी तर चक्क रचून ठेवलेले चिरे, आणि चिऱ्यांवर आरामात झोपलेलं कुत्रं. त्या कुत्र्याला मी उठवलं नाही, सगळ्यात कमी जागा त्यानेच घेतली होती.

पर्यटकांना नावं ठेवणं सोपं आहे. मे महिन्यात आणि नाताळात किनाऱ्यावर एमएच १२, १४, ०९ लागलेल्या असतात राखीव जागेत, हो असतात. पण मंगळवारी सकाळी अकरा वाजता ऑफिसच्या आवारात ज्या गाड्या असतात त्या आपल्या ०८ च्याच, आणि त्यातल्या निम्म्या मला नंबरावरून ओळखता येतात. एका ऑफिसात रोज साहेबांचीच गाडी तिथे असते, सावली पडते ना. तिथल्या वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "ताई, सायबांना नाय म्हणून कसा सांगू? उद्या माझी खुर्ची जायल." बरोबरच आहे त्याचं. त्याच्यावर कशाला चिडायचं.

पोलिसांना पण विचारून झालं. कंपाउंडच्या आत असेल तर आमचं काम नाही, रस्त्यावर असेल तर सांगा, नो पार्किंगचा दंड लावू. म्हणजे ५०० रुपये. आणि रस्त्यावर अशी राखीव जागा आहे कुठे, दाखवा मला, मी पेढे वाटीन.

एक माझीही चूक सांगत्ये नाहीतर मी फारच शहाणी वाटेन. गेल्या वर्षी समुद्राजवळच्या एका हॉटेलात भाचीबरोबर गेले होते. राखीव जागेत एक मोठी गाडी आली, चाळिशीचा माणूस उतरला, सरळ चालत निघाला. माझं डोकंच फिरलं, भाची नको नको म्हणत असताना काच खाली करून चार शब्द सुनावले. तो थांबला, पाकीट काढलं आणि यूडीआयडीचं, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचं, पिवळं कार्ड समोर धरलं. कार्ड धरलेला हात थरथरत होता. पार्किन्सन. अजून चालता येतं हो, म्हणाला, पण कधी पाय फरशीला चिकटून बसतील सांगता येत नाही. मला कुठे तोंड लपवू असं झालं. आधीच्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं, २०१६ च्या कायद्यात २१ झाले, त्यात पार्किन्सन आहे, हिमोफिलिया आहे, न दिसणारं कितीतरी आहे, आणि हे मी लोकांना भाषणात सांगत्ये, आणि स्वतः मात्र पाय बघून ठरवलं. तेव्हापासून मी आधी विचारत्ये, कार्ड आहे का. विचारायचं, भांडायचं नाही.

तसे खोटेही आहेतच म्हणा. गाडी आजीच्या नावावर, सवलती घेतलेल्या, मागच्या काचेवर व्हीलचेअरचा स्टिकर, चालवणारा नातू आणि आजी गेली दोन वर्षं घराच्या बाहेर पडलेली नाही. स्टिकर तर कोणीही विकत आणतो. त्यावर मी अजून काही बोलत नाही, माझं बीपी वाढतं.

कायद्याचं म्हणाल तर कायदा आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू, त्याचे नियम जून २०१७ मध्ये आले, आणि ज्या सार्वजनिक इमारती आधीपासून उभ्या आहेत त्या नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम, म्हणजे अपंगांना वापरता येतील अशा, करा असं त्यात म्हटलंय, म्हणजे मुदत २०२२ लाच संपली. नवीन इमारतीला तर या सोयी असल्याशिवाय पूर्णत्वाचा दाखलाच देता येत नाही. दाखला मिळतो, मग जनरेटर येतो. कायदा मोडला तर पहिल्यांदा १० हजारांपर्यंत दंड, परत मोडला तर ५० हजार ते ५ लाख. ८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने पण सांगितलं की सुगमतेचे नियम नुसते शिफारशी म्हणून ठेवू नका, सक्तीचे करा, तीन महिने दिले केंद्राला. आपल्या राज्यात तर ३ डिसेंबर २०२२ ला दिव्यांगांसाठी वेगळं खातं झालं. खाती झाली, कार्डं झाली, आम्ही अपंगचे दिव्यांग झालो, पट्ट्यातली स्कूटर काही हलली नाही.

माझं मागणं अगदी छोटं आहे. नगरपरिषदेच्या उत्पन्नातले पाच टक्के आमच्यासाठी खर्च करायचे असतात. त्यातून झेरॉक्स मशीन आणि शिलाई मशीन वाटता, वाटा, पण थोडा रंगही आणा. इथे मे महिन्यात मारलेला निळा-पिवळा रंग गणपतीपर्यंत टिकत नाही, तीन साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस खातो तो, म्हणून पाऊस संपला की दरवर्षी परत मारायला लागेल. पट्ट्याच्या तोंडाशी दोन प्लॅस्टिकचे खांब उभे करा, स्कूटर आत जाणार नाही आणि व्हीलचेअर आरामात जाईल इतकं अंतर ठेवून. पाटीवर नुसतं चित्र नको, खाली मराठीत लिहा की पिवळ्या रेघांवर दुचाकी लावू नये, दार उघडायची जागा आहे. लोक वाईट नाहीत, अर्ध्यांना तो पट्टा कशाला असतो हेच माहीत नाही. आणि वॉचमनच्या हातात साहेबांच्या सहीचा एक कागद द्या, की राखीव जागेतली गाडी कोणाचीही असो, मालकाला बोलावून काढायला लावायची. कोणाचीही म्हणजे सही करणाऱ्याचीही.

ते काका, ज्यांची स्कूटर होती, त्यांचा दोन दिवसांनी फोन आला होता आईची तब्येत विचारायला. परत तिथे लावणार नाही म्हणाले. मागच्या आठवड्यात मी त्याच दवाखान्यात गेले तर खरंच पट्टा मोकळा होता. स्कूटर रॅम्पच्या तोंडाशी होती.

फोन केला, लगेच आले, काढली.

कळावे,
आपली एक वाचक, रत्नागिरी

ता.क. कृपया नाव छापू नये. काका तुमचाच पेपर घेतात. वाचल्यावर ओळखतीलच म्हणा, पण निदान आम्हा दोघांना माहीत नसल्यासारखं करता येईल.